रिकाम्या हाताने पहिली

वरच्या शाळेत ज्या खेळाच्या बाई आहेत ना, त्यांच्या पोरी रिले पळताना एक भलताच शब्द ओरडतात. बाकीच्या शाळांच्या पोरी बॅटन देताना "घे!" म्हणतात, शहाण्यासारखं. या पोरी जे ओरडतात ते पहिल्यांदा ऐकणारा माणूस आधी दचकतो आणि मग खो खो हसतो. हसू देत. खुशाल हसावं, आणि शर्यत संपल्यावर कोण कुठे उभं आहे तेवढं बघून घ्यावं. या बाईंना घरी अजून भिंगरी म्हणतात, कारण लहानपणापासून एका जागी बूड टेकलंय असं कधी झालंच नाही. तो शब्दही घरचाच. तो मैदानावर कसा पोचला, ते सांगते.

भिंगरीचं घर म्हणजे लाँड्री. वर दोन खोल्या, खाली दुकान. दुकानाच्या पुढच्या अंगाला काउंटर आणि मागे एक लांबट खोली. खोलीत एका बाजूला इस्त्रीची टेबलं, दुसऱ्या बाजूला भिंतीला लागून मोठी शेगडी, आणि शेगडीवर जड लोखंडी इस्त्र्या ओळीने तापत बसलेल्या. मधली वाट एवढीशी, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यावं. विजेच्या इस्त्र्याही होत्या, नाही असं नाही, पण आत्याचा त्यांच्यावर राग. "कापडाला नुसत्या गुदगुल्या करतात मेल्या," ती म्हणायची. आत्या म्हणजे भिंगरीच्या बाबांची थोरली बहीण. बाबा धुलाईकडे बघायचे, आई घड्या घालायची, आणि आत्या सगळ्यांकडे बघायची.

त्या खोलीचा कारभार दोन शब्दांवर चालायचा. एक शब्द "घे". आईची घडी घालून झाली की ती म्हणायची, "घे," आणि पाठमोऱ्या भिंगरीने नुसता हात मागे करायचा. घडी हातात येऊन पडायची, ती फळीवर रचायची, परत हात मागे. बघायबिघायचं काही नाही. दुसरा शब्द "गरम!" तापलेली इस्त्री उचलून कुणी त्या चिंचोळ्या वाटेने निघालं की ओरडायचं, "गरम!" आणि पुढे जो कुणी असेल त्याने तसंच पुढे सटकायचं. वळायचं नाही. वळलं की कोपर बाहेर येतं, आणि कोपर बाहेर आलं की चटका बसतो. या घरात वाढलेल्या पोरीचे पाय त्या शब्दावर आपोआप उचलले जायचे, तिला विचारून नाही. बाबा तर सगळ्यांना सांगायचे, की आमच्या पोरीने पहिलं पाऊल टाकलं तेच मुळी "गरम" ऐकून.

असली पोर शाळेत गेल्यावर पळणार नाही तर काय करणार?

माध्यमिक शाळेत भिंगरीने एकही खेळ सोडला नाही. लांब उडीत ती वाळूत अशी तोंडावर आपटली, की दोन दिवस दातांत कचकच लागत होती. व्हॉलीबॉलमध्ये बॉल आला की ती बाजूला व्हायची, आणि बॉल गेला की जागेवर यायची, तेव्हा तो नाद तिथल्या खेळाच्या मॅडमनीच सोडवला. गोळाफेकीत गोळा तिच्या पायाजवळच पडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण पायावर पडला नव्हता. पण एकदा सरळ रेषेत पळायला सांगा, की संपलं. कुणाला तिची धूळसुद्धा मिळायची नाही. म्हणून रिलेमध्ये शेवटचा टप्पा तिचा. तिच्या हातात बॅटन द्यायची ती तिची वर्गमैत्रीण, जिला सगळे शिडी म्हणायचे. उंच, किडकिडीत, आणि आवाज असा की वर्गात "हजर" म्हणाली तरी बाई दोनदा विचारायच्या, "आली नाही का ती?"

आणि मग आंतरशालेय स्पर्धेच्या कनिष्ठ गटाची ती शर्यत झाली. आजही ती आठवली की भिंगरीचे कान तापतात.

तिसऱ्या टप्प्यावर शिडी छान पळत येत होती. भिंगरी पाठमोरी, गुडघे वाकवून, तयार. तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यातली दुसऱ्याच शाळेची पोर आपल्या मैत्रिणीला ओरडली, "घे!"

झालं! "घे" कानावर पडलं आणि लाँड्रीच्या पोरीचा हात गेला मागे, पाय सुटले पुढे. पळताना हातात काही आलेलं नाही हे तिच्या लक्षातच आलं नाही. एवढी तुफान पळाली, की लोक उभे राहिले. सगळ्यांच्या पुढे जाऊन तिने फीत तोडली, दोन्ही हात वर केले, आणि मग वर बघितलं तर दोन्ही हात रिकामे. मागे, कुठल्याकुठे, शिडी बॅटन धरून उभी होती आणि रडत होती. काय ते हसू उसळलं मैदानात! पंचसुद्धा तोंडावर रुमाल धरून वळले.

"मी अजून ओरडलेच नव्हते गं," एवढंच शिडी म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं.

त्या दिवसापासून भिंगरीचं नाव पडलं रिकामी. "ए रिकामी, दप्तर आणलंस ना?" "रिकामी, डबा हातात आहे का बघ!" पोरं ती, त्यांना काय, आयतं कोलीत मिळालं. भिंगरी वरवर हसून घालवायची, पण शिडीच्या डोळ्याला डोळा देणं तिला जड जायला लागलं. एकच गोष्ट तिला हवी होती. एकदा, फक्त एकदा, तीच शर्यत, शिडीची बॅटन हातात घेऊन जिंकायची.

वरच्या शाळेत गेल्या तेव्हा दोघी पुन्हा रिलेत, पुन्हा तिसरी आणि चौथी. भिंगरी आता आणखी वेगाने पळत होती. पण एक खोड लागली होती, आणि खोड कसली, रोगच तो. बॅटन घ्यायच्या वेळी ती मागे वळून बघायची. एकदा नाही, दोनदोनदा. शिडी आलीय का, शिडीच आहे ना, हातात बॅटन आहे ना. तेवढ्यात बाकीच्या पोरी पुढे निघून जायच्या. मग ही मागून जिवाच्या आकांताने सुटायची आणि कशीबशी दुसरी यायची. दर वर्षी दुसरी. चुकून कधी तिसरी.

वरच्या शाळेच्या मॅडम शिस्तीच्या कडक. त्यांनी समजावलं, ओरडल्या, एकदा तर भिंगरीच्या मानेला टॉवेल गुंडाळून पळवलं. काही उपयोग नाही, ती कमरेतून वळायची. शेवटचं वर्ष आलं तेव्हा मॅडमनी स्पष्टच सांगितलं. "हे बघ, अंतिम स्पर्धेच्या आधी ही मान सरळ झाली तर शेवटचा टप्पा तुझा. नाही झाली तर तू बाहेर बसायचं. मला चौघींचा विचार करायचाय, एकटीचा नाही."

भिंगरी त्या दिवशी घरी आली आणि घड्या रचायला उभी राहिली, पण एक घडी धड रचली जाईना. अशा वेळी आत्या काही विचारत नाही. ती नुसती जास्त जोरात इस्त्री आपटते.

दुसऱ्या दिवशी शाळेचे धुतलेले टी-शर्ट पोचवायच्या निमित्ताने आत्या स्वतः मैदानावर हजर. गठ्ठा बाकावर ठेवला, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शिडी पळत आली. भिंगरीने वळून बघितलं, परत वळून बघितलं. मॅडमनी शिट्टी जमिनीवर आपटली.

"का गं ए," आत्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घरी दिवसभर तुझ्या पाठीशी विस्तव घेऊन माणसं हिंडतात, तेव्हा तू कधी वळून बघत नाहीस. आणि इथे एवढ्याशा दांडक्यासाठी मान मोडून घेतेस?"

"घरी तुम्ही सगळे असता, आत्या."

"मग?"

"मग काय. तुम्ही चटका देणार नाही, हे माहीत असतं."

बोलून गेली खरी. शिडी शेजारीच उभी होती. तिचा चेहरा असा पडला, की भिंगरीला वाटलं जीभ कापून टाकावी.

आत्याने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग शिडीला म्हणाली, "तू गं. संध्याकाळी दुकानात यायचं. आईला सांग, आत्याने बोलावलंय. आणि लांब बाह्यांचं काहीतरी घालून ये."

अशी शिडी लाँड्रीत आली. पहिल्याच संध्याकाळी टांगलेल्या कोटांच्या दांडीवर तिचं डोकं आपटलं आणि चार कोट खाली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा बाबांनी दांडी वर चढवली. आत्याने तिच्या हातात जाड फडकं दिलं आणि शेगडीकडे बोट केलं. "उचल. त्या टेबलापर्यंत न्यायची. वाटेत कुणी असलं तर काय म्हणायचं?"

"गरम," शिडी म्हणाली.

"मांजरीला बोलावतेस का?"

"गरम."

"आता मांजरीला झोपवतेस. अगं, हातात विस्तव आहे तुझ्या! पुढे माणूस आहे!"

बरेच दिवस असंच चाललं. शाळेचा सराव झाला की दोघी दुकानात, शिडी शेगडीकडून टेबलाकडे, टेबलाकडून शेगडीकडे. तिचं "गरम" ऐकून आई तोंडात पदर कोंबून हसायची. मैदानावर दोघींनी हा शब्द चालवून बघितला तर तिथेही फज्जाच. शिडी कविता म्हटल्यासारखी "गरम" म्हणायची आणि भिंगरीची मान गर्रकन मागे. मॅडमनी कपाळाला हात लावला. "हा काय शब्द आहे? पळताय की भजी तळताय?"

आणि मग एका संध्याकाळी, अंतिम स्पर्धा तोंडावर आलेली असताना, ते घडलं. भिंगरी वाटेत पाठमोरी उभी राहून खालच्या फळीवर चादरी रचत होती. शिडीने सगळ्यात जड इस्त्री उचलली आणि निघाली. अर्ध्या वाटेत तिच्या हातातलं फडकं सरकलं. इस्त्री कलंडली, समोर भिंगरीची पाठ, थांबायला जागा नाही, आणि शिडीच्या पोटातून, बेंबीच्या देठापासून, कधी कुणी ऐकला नव्हता असा आवाज बाहेर पडला.

"गरम!"

भिंगरी चादरींसकट सुटली ती थेट काउंटरपाशी. मान वळली नाही. खांदा वळला नाही. शिडीने इस्त्री कशीबशी टेबलावर टेकवली आणि मटकन खाली बसली. कुणालाही काही झालं नव्हतं. एक चादर तेवढी पायदळी आली.

आईने ती चादर उचलून झटकली. मग आत्या म्हणाली, "हं. आता ही घरची झाली." आणि तिने शिडीला पाण्याचा पेला दिला, जो ती स्वतःच्या हाताने सहसा कुणाला देत नसे.

भिंगरी काउंटरपाशी चादरी छातीशी धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने चादरीला पुसलं, म्हणजे ती चादर परत धुवायला. पण तिला कळलं होतं. इतकी वर्षं ती शब्दालाच घाबरत होती. शब्द कुणीही ओरडेल. आवाज ओळखीचा हवा. शिडीचा आवाज आता तिच्या पाठीला पाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी मैदानावर शिडी ओरडली आणि भिंगरी सुटली. सुटून काही पावलं गेल्यावर हात मागे केला, आणि बॅटन तळव्यावर अशी चपखल बसली, की मॅडमच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. "परत करा," त्या म्हणाल्या. परत केलं. परत तसंच. "भजी तर भजी," मॅडम म्हणाल्या. "हाच शब्द ठेवा."

अंतिम स्पर्धेचा दिवस. वरिष्ठ गट, मुलींचा रिले, शेवटची शर्यत. दुकानाला कुलूप लागलं होतं, जे एरवी आजारपणातही लागत नसे. आई, बाबा, आत्या पायऱ्यांवर पुढच्या रांगेत. आत्याला सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं, की काही झालं तरी तू तो शब्द ओरडायचा नाहीस. आत्या ओठ मिटून बसली होती आणि लाल झाली होती.

भिंगरी आपल्या जागी उभी राहिली. समोर सगळी सरळ वाट, टोकाला फीत. मागच्या पायऱ्यांवरून कुणीतरी जुनं ओळखीचं ओरडलं, "ए रिकामी! हात बघ गं आधी!" हशा पिकला. तिने हात बघितले नाहीत.

बंदूक वाजली. पहिली सुटली, दुसरीने घेतली, शिडीने घेतली. आणि नेमक्या त्याच वेळी, भिंगरीच्या अगदी पाठीमागे, कठड्यापलीकडून खणखणीत आवाज आला.

"गरम! गरम! गरम चहा!"

किटली आणि पेले घेऊन चहावाला पायऱ्यांखालून चालला होता. त्याची काय चूक? त्याचा धंदा तो. पण पायऱ्यांवर आत्याला ते ऐकू आलं. ती उठली आणि लोकांच्या मांड्यांवरून, पिशव्यांवरून, एका आजोबांच्या टोपीवरून वाट काढत खाली निघाली. "अरे ए! तोंड बंद कर! अरे बाबा!" बाबांनी डोळे मिटून घेतले.

"गरम!" चहावाला ओरडला.

भिंगरीची टाच उचलली गेली. अंगातली नस न नस म्हणत होती, सूट! पण टाच परत खाली आली. हा आवाज आपला नाही. शेजारच्या पट्ट्यात कुणीतरी किंचाळलं, "घे!" आणि शेजारची पोर सुटली. हाताला जुनी सवय, तो मागे जायला बघत होता. पण हाही आवाज आपला नाही. तिच्या डाव्या उजव्या बाजूच्या पोरी निघाल्या होत्या. मान म्हणत होती, एकदा बघ. एकदाच. शिडी पडली असेल, बॅटन सुटली असेल, तू इथे पुतळ्यासारखी उभी राहशील आणि लोक जन्मभर हसतील.

ती बघत नव्हती. ती समोर फितीकडे डोळे लावून उभी होती आणि पाठीने ऐकत होती.

"गरम!"

बेंबीच्या देठापासून. शेगडीपासून टेबलापर्यंतचा आवाज.

भिंगरी सुटली. हात मागे गेला, आणि चापकन बॅटन तळव्यात आली, शिडीच्या घामाने ओली आणि ऊनऊन. मग काय विचारता! पुढे गेलेली पहिली पोर तिने वाटेच्या सुरुवातीलाच मागे टाकली. दुसरीला निम्म्यात गाठलं. उरली एक, शेजारच्या पट्ट्यातली, नामांकित शाळेची, दर वर्षी जिंकणारी. ती पोर पळता पळता वळून बघायला लागली, की मागून हे कोण येतंय. बघ बाई, बघ. मागे बघण्याची काय किंमत असते ते आमच्या भिंगरीला विचार. तेवढ्या एका नजरेत भिंगरी तिच्या खांद्याशी आली, खांद्यावरून पुढे गेली, आणि फीत तिच्या छातीला लागून तुटली.

मैदान नुसतं उसळलं. मॅडम, त्या शिस्तीच्या मॅडम, शिट्टी वाजवत गोल गोल फिरत होत्या. आई रडत होती, बाबा अनोळखी माणसाला मिठी मारून सांगत होते, "आमची पोर ती! पहिलं पाऊल टाकलं तेच..." आणि कठड्यापाशी आत्याने चहावाल्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. तो बिचारा घाबरून गेला होता, म्हणून तिने त्याच्याकडून एक पेला घेतला, एक घोट प्यायली आणि कडाडली, "गरम गरम म्हणून गाव गोळा करतोस, आणि चहा हा असा कोमट? लाज नाही वाटत?"

भिंगरीने दोन्ही हात वर केले. उजव्या हातात बॅटन होती. तिने खात्री करायला वर बघितलं, हो, होती. आणि मग, शर्यत संपल्यावर, आता हरकत नाही अशा बेताने, तिने मान वळवून मागे बघितलं. पोटभर बघितलं. सगळी वाट तिच्या मागे होती. सगळ्या पोरी तिच्या मागे होत्या. आणि त्यांच्याही मागून, त्याच वाटेने, शिडी लांब लांब ढांगा टाकत, आपली फेरी कधीच संपलेली असतानाही, तशीच पळत येत होती.

ती पोचली ती धापा टाकतच. भिंगरीने काही भाषण केलं नाही. तिने बॅटन पुढे केली आणि म्हणाली,

"घे."